‘सगळ्यांना व्हायचाच होता, तर टाळेबंदी कशाला?’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: देशातल्या जवळपास प्रत्येकाला शेवटी कोरोनाचा संसर्ग झालाच, मग २०२० मध्ये सगळं बंद करून मिळवलं काय? म्हाताऱ्या माणसांना जपून बाकीच्यांना संसर्ग होऊ दिला असता, तर नैसर्गिक प्रतिकारशक्ती लवकर आली असती आणि वडिलांचं झेरॉक्सचं दुकान बुडालं नसतं. हा प्रश्न विचारला की डॉक्टर अंगावर येतात, असंही तुम्ही लिहिलं आहे.

मी अंगावर येणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयात जनआरोग्य हा विषय मी सत्तावीस वर्षं शिकवला. कोविडची दोन वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये पथकं घेऊन फिरले. तुमच्या प्रश्नातला राग मला रास्त वाटतो, त्यातलं गणित मात्र चुकलेलं आहे. आणि त्या दोन्हींपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट प्रश्नात आलेलीच नाही. टाळेबंदी आणि नैसर्गिक प्रतिकारशक्ती या दोन पर्यायांपैकी आपण एक निवडला, असं तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात आपल्या शहरांमध्ये एकाच वेळी दोन्ही घडलं. ज्यांना दार लावून आत बसता येत होतं त्यांच्या वाट्याला टाळेबंदी आली, ज्यांना येत नव्हतं त्यांच्या वाट्याला संसर्ग आला. हे पुढे आकड्यांनिशी सांगते.

आधी नैसर्गिक प्रतिकारशक्तीबद्दल, कारण तिची काही डॉक्टरांनी विनाकारण हेटाळणी केली. ती खरी असते. १८४६ साली फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. पावणेआठ हजारांच्या वस्तीतल्या सुमारे सहा हजारांना गोवर झाला. पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघर फिरून नोंदी केल्या. याआधी त्या बेटांवर गोवर आला होता तो १७८१ मध्ये. त्या साथीतून वाचलेले ९८ वृद्ध अजून हयात होते आणि त्यांतल्या एकालाही पुन्हा गोवर झाला नाही. पासष्ट वर्षं शरीराने ओळख ठेवली! आमच्या विषयात हे उदाहरण पहिल्या वर्षापासून शिकवतात.

पण गोवराचा विषाणू फारसा बदलत नाही. कोरोना कुळातले विषाणू बदलतात. शिवाय नाक-घशातली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते, गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र बराच काळ टिकतं. कोविडमध्ये हेच दिसलं. ओमिक्रॉनच्या आधीच्या प्रकारांमध्ये एकदा होऊन गेलेल्याला पुन्हा संसर्ग होण्याची शक्यता बरीच कमी होती. ओमिक्रॉन आल्यावर पुन्हा संसर्ग सर्रास होऊ लागला, तरी अशा लोकांमध्ये गंभीर आजार कमीच राहिला. म्हणजे होऊन गेलेल्या संसर्गाचा उपयोग होता आणि तो भरपूर होता. अडचण आहे ती मिळवण्याच्या किमतीची. लस घेऊन प्रतिकारशक्ती मिळवताना दंड दुखतो, एखादा दिवस ताप येतो. संसर्गातून मिळवताना काही माणसं मरतात. किती मरतात ते वयावर ठरतं.

श्रीमंत देशांतल्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून ढोबळ अंदाज असा होता: पंचविशीतल्या दहा हजार संसर्गांमागे एक मृत्यू, पंचावन्नाव्या वर्षी हजारामागे चार, पंच्याहत्तरीत शंभरामागे चार ते पाच. पंचविशी आणि पंच्याहत्तरी यांत चारशे पटींहून जास्त अंतर आहे. ‘तरुणांना होऊ द्या’ या म्हणण्यात जे तथ्य आहे ते एवढंच, आणि ते लहान नाही.

आता महाराष्ट्राचं गणित मांडू. एक रुग्ण सरासरी तिघांना संसर्ग देत असेल, तर साथ आपोआप उतरायला लागण्यासाठी तिघांपैकी दोघांना प्रतिकारशक्ती असावी लागते. साडेबारा कोटींच्या राज्यात ते आठ कोटींच्या पुढे जातं. आपली लोकसंख्या तरुण, म्हणून मृत्यूचं प्रमाण कमी धरू, हजारी दोन. तरी एक लाख साठ हजार मृत्यू होतात. आणि साथ तिथे थांबत नाही, नुसती उतरायला लागते. उतारावर सुटलेली गाडी सपाटीला लागली म्हणून जागच्या जागी उभी राहत नाही, तशी ती आणखी बऱ्याच लोकांना गाठते. पुढे आलेला डेल्टा एका रुग्णापासून सहा-सात जणांपर्यंत जाऊ शकत होता. त्याच्यासाठी हा उंबरठा ऐंशी टक्क्यांच्या वर जातो.

हजारी दोन हा आकडासुद्धा खाटा आणि ऑक्सिजन मिळत असेल तरचा आहे. आमच्या विषयाच्या बाहेरच्या लोकांच्या हे लक्षात येत नाही, आणि त्यांचा तो दोष नाही. आपण मृत्यूदर हा विषाणूचा गुण समजतो. तो विषाणूइतकाच त्या आठवड्यातल्या रुग्णालयाचाही असतो. ऐंशी टक्के ऑक्सिजन असलेली पंचेचाळीस वर्षांची बाई, खाट मिळाली तर बहुधा घरी परत जाते. त्याच दिवशी तिच्या पुढे साठ जणांची रांग असेल तर जात नाही. एप्रिल २०२१ मध्ये ड्युरा सिलिंडरची (द्रव ऑक्सिजनच्या मोठ्या टाक्यांची) गाडी कुठवर आली हे विचारायला मी रात्री दोन वाजता फोन करत होते. त्या पंधरवड्यात वाचण्यासारखी माणसं गेली. त्यांच्या आजारात असं काही नव्हतं की ज्यामुळे ती जायलाच हवी होती.

नैसर्गिक प्रतिकारशक्तीवर भरवसा ठेवला तर काय होतं, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण ब्राझीलमधल्या मनाउस शहराचं आहे. अ‍ॅमेझॉनच्या काठच्या या मोठ्या शहरात २०२० च्या एप्रिल-मे मध्ये साथ जवळपास मोकाट पसरली. रक्तदात्यांच्या नमुन्यांवरून संशोधकांनी अंदाज काढला की ऑक्टोबरपर्यंत तिथल्या सुमारे ७६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला असावा. पुस्तकातला उंबरठा कधीच ओलांडला होता. पुढचे काही महिने शहर शांत होतं, आणि जगभरचे लोक मनाउसकडे बोट दाखवून म्हणत होते की बघा, संपली साथ. जानेवारी २०२१ मध्ये तिथे दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा मोठी. गॅमा नावाचा नवा प्रकार तिथेच उगवला होता. महिन्याच्या मध्यावर रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला आणि माणसं खाटेवर गुदमरली. रक्तदाते म्हणजे सगळं शहर नव्हे, त्यामुळे ७६ हा आकडा थोडा जास्त असेल, अशी शंका नंतर घेतली गेली आणि ती योग्य आहे. पण तो साठ धरला तरी निष्कर्ष बदलत नाही.

त्याच जानेवारीत दिल्लीच्या सर्वेक्षणात ५६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, सापडली होती. ‘दिल्ली समूह प्रतिकारशक्तीच्या’, म्हणजे वर सांगितलेल्या उंबरठ्याच्या, ‘जवळ पोहोचली’ अशा बातम्या मी वाचल्या होत्या, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं होतं. तीन महिन्यांनी दिल्लीत काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे.

आता आपल्या शहरांकडे येते, कारण मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत, एफ उत्तर, एम पश्चिम आणि आर उत्तर इथे, सुमारे सात हजार लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले गेले. महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांचं हे काम. झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, इमारतींमध्ये १६ टक्क्यांना. वॉर्ड तोच, बाजारपेठ तीच, मधे कधी कधी फक्त एक भिंत. पुण्यात २० जुलै ते ५ ऑगस्टदरम्यान पाच प्रभागांमध्ये असंच सर्वेक्षण झालं. सरासरी ५१.५ टक्के निघाली. लोहियानगर-कासेवाडीत ६५ टक्क्यांच्या पुढे.

हे आकडे आले तेव्हा देशाच्या कडक टाळेबंदीला जेमतेम चार महिने झाले होते. म्हणजे ज्या काळात आपण ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ म्हणत होतो, त्याच काळात लोहियानगर-कासेवाडीत तिघांपैकी दोघांना संसर्ग होऊन गेला होता. असं का झालं, ते त्या गल्ल्यांमध्ये गेल्यावर पाच मिनिटांत कळतं. दहा बाय बाराची खोली, त्यात सात माणसं. नळ गल्लीच्या तोंडाशी, संडास सार्वजनिक आणि सकाळी त्याला रांग. टाळेबंदीच्या आधी त्या खोलीतले चौघे दिवसभर बाहेर असायचे, कामावर, शाळेत, नाक्यावर. टाळेबंदीने सातही जणांना चोवीस तास आत कोंडलं. फ्लॅटमध्ये टाळेबंदी म्हणजे अंतर. या खोलीत तिचा अर्थ गर्दी. आदेश एकच होता, त्याने एका घरात संसर्ग रोखला आणि दुसऱ्या घरात तो सगळ्यांना वाटला.

त्या ऑगस्टमध्ये अशाच एका वस्तीत आम्ही तपासणी करत होतो. एका ताईंचा अहवाल आला, प्रतिपिंडं भरपूर होती. त्या चार घरी धुणंभांडी करायच्या. मार्चपासून सोसायटीने गेटच्या आत घेतलं नव्हतं. मी समजावून सांगितलं की तुम्हाला होऊन गेलाय, सध्या तुम्हाला आणि तुमच्यामुळे इतरांना धोका कमी आहे. त्यांनी विचारलं, “मग मॅडम, हा कागद दाखवला तर घेतील का मला कामावर?” नैसर्गिक प्रतिकारशक्ती त्यांनी मिळवली होती, कोणीही न विचारता त्यांच्याकडून ती मिळवून घेतली गेली होती. तिचा जो थोडा फायदा होता तो सोसायटीलाही होता, कारण साथीची साखळी त्यांच्यापाशी येऊन तुटत होती. तरी गेट बंदच होतं. त्यांना काय उत्तर द्यावं हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढे काय झालं तेही पाहा. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत रुग्ण वाढू लागले तेव्हा महापालिकेच्या नोंदींमध्ये बहुसंख्य नवे रुग्ण इमारतींमधले होते. इमारतींत चाचण्या जास्त होतात हे लक्षात घेऊनही, वस्त्यांमधल्या होऊन गेलेल्या संसर्गाने तिथे काही काळ ढाल धरली, असं मी मानते. मार्च २०२१ च्या सर्वेक्षणात वस्त्यांमध्ये ४१.६ टक्के आणि इमारतींमध्ये २८.५ टक्के लोकांत प्रतिपिंडं होती. पहिला आकडा ५७ वरून खाली आला याचं कारण प्रतिपिंडं कालांतराने घटतात. दुसरा वर गेला, कारण संसर्ग आता फ्लॅटच्या दारापर्यंत पोहोचला होता.

धारावीबद्दल दोन टोकांची मतं नेहमी ऐकू येतात. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ लाखांवर माणसं. जुलैमध्ये रुग्ण इतके खाली आले की जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी नाव घेऊन उल्लेख केला. एक बाजू म्हणते, हे घरोघरच्या तपासणीचं यश. दुसरी म्हणते, सगळ्यांना होऊन गेला म्हणून उतरला. वर सांगितलेलं सर्वेक्षण धारावीत झालं नव्हतं, पण शेजारच्या वस्त्यांकडे पाहता तिथेही संसर्ग बराच पसरला असणार. तरी ‘आपोआप उतरला’ हे मला पटत नाही. तिथे महापालिकेने रुग्णाची वाट पाहिली नाही. तापाचे दवाखाने वस्तीत नेले, खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं, सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा धुतले. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे शाळा, हॉल, मैदानं ताब्यात घेऊन लोकांना खोलीबाहेर काढून विलगीकरणात ठेवलं, जेवणासकट. त्यामुळे संसर्ग एकदम न उसळता पसरला आणि ज्यांचा श्वास लागत होता ते वेळेत सापडले. त्या खोलीतल्या माणसाला खरं अंतर मिळालं ते असं. दारावर लावलेल्या कागदाने आणि गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या बांबूंनी ते मिळत नव्हतं.

आता टाळेबंदीचा हिशेब.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांनी देश बंद झाला. तेव्हा देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. जानेवारीत कोविडची चाचणी करू शकणारी देशात एकच प्रयोगशाळा होती, पुण्यातली एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. मेअखेर सहाशेहून जास्त झाल्या आणि रोज लाखावर चाचण्या होऊ लागल्या. पीपीई किट देशात जवळजवळ बनतच नव्हते, ते बनू लागले. निवासी डॉक्टरांना पालथं झोपवण्याचे, ऑक्सिजन देण्याचे धडे मिळाले. मार्चमध्ये जो रुग्ण दगावला असता तो सप्टेंबरमध्ये वाचू लागला, कारण मधल्या काळात स्टिरॉइड कधी द्यायचं आणि व्हेंटिलेटरची घाई कधी करायची नाही, हे आम्ही शिकलो होतो. टाळेबंदीने विषाणू मरत नाही. ती वेळ विकत घेते, आणि त्या वेळेत हे सगळं झालं. पहिल्या तीन-चार आठवड्यांचं मी आजही समर्थन करते.

चार तासांच्या मुदतीचं समर्थन मात्र करत नाही. आठवडाभर आधी सांगून रेल्वे चालू ठेवली असती, तर मजूर विषाणू गावी कमी घेऊन गेले असते. आम्ही त्यांना शहरांत अडकवलं, तिथे संसर्ग वाढू दिला, आणि मग मे महिन्यात श्रमिक गाड्यांनी घरी पाठवलं. साथशास्त्राच्या दृष्टीने याहून उलटा क्रम मला सुचत नाही. तोवर जे चालत निघाले होते ते निघाले होतेच. ८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यातले होते, मध्य प्रदेशात घरी निघाले होते. कोविडच्या मृत्यूंच्या कोणत्याही यादीत ते नाहीत. मी मात्र माझ्या हिशेबात त्यांना धरते.

असे न मोजलेले आणखी आहेत. क्षयरोगाची देशातली नोंद २०१९ मधल्या २४ लाखांवरून २०२० मध्ये १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते. ते घरात खोकत राहिले, त्याच दहा बाय बाराच्या खोलीत. शहरांतली पहिली-दुसरीची मुलं डिसेंबर २०२१ पर्यंत वर्गात बसली नाहीत. मुलांना गंभीर आजाराचा धोका किती कमी आहे हे २०२० च्या मध्यापर्यंत स्पष्ट होत आलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन आल्यावर शाळा पुन्हा बंद केल्या, तेव्हा मी बैठकीत विरोध केला होता. मॉल, हॉटेलं सुरू आणि वर्ग बंद, याला कोणताही वैद्यकीय आधार नव्हता. शाळेच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

टाळेबंदीची वेळही चुकत गेली. सर्वांत कडक बंदी आली ती रुग्ण शेकड्यांत असताना. उघडणं सुरू झालं ते जूनमध्ये, रुग्ण चढणीवर असताना, कारण तोवर पैसा आणि सहनशक्ती दोन्ही संपले होते. पहिल्या लाटेचं शिखर आलं सप्टेंबरच्या मध्यावर, दिवसाला ९७ हजारांच्या पुढे. नंदुरबार जिल्ह्यात मुदलातच मोजके रुग्ण असताना तिथला बाजार मुंबईइतकाच बंद ठेवण्यात अर्थ नव्हता. उलट त्याच नंदुरबारने मधल्या काळात स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प उभे केले आणि दुसऱ्या लाटेत त्या आदिवासी जिल्ह्यात ऑक्सिजनसाठी पळापळ झाली नाही. विकत घेतलेला वेळ कशावर खर्च करायचा, ते तिथे कळलं होतं. बाकी अनेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये जम्बो केंद्रं, म्हणजे कोविडसाठी उभारलेली मोठी तात्पुरती रुग्णालयं, रिकामी होऊन बंद होत होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत अमरावतीत रुग्ण वाढायला लागले होते.

‘वृद्धांना जपा, बाकीच्यांना मोकळं सोडा’ हा तुमचा मुद्दा जगात मोठ्या तज्ज्ञांनीही मांडला होता. ४ ऑक्टोबर २०२० ला अमेरिकेतल्या ग्रेट बॅरिंग्टन गावात तीन प्राध्यापकांनी जाहीरनामा काढला: स्टॅनफर्डचे जय भट्टाचार्य, ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता, हार्वर्डचे मार्टिन कुलडॉर्फ. टाळेबंदीचा भार गरिबांवर आणि मुलांवर पडतो, हे त्यांचं निरीक्षण अचूक होतं, आणि त्याबद्दल त्यांना वेड्यात काढणं चूक होतं. पण वृद्धांना वेगळं कसं जपायचं, याचं त्यांच्याकडे कागदावरचं उत्तर होतं, घरातलं नव्हतं. आपल्याकडे आजी नातवाजवळ झोपते. सून कामावरून येते आणि सासऱ्यांना जेवायला वाढते. लोकसंख्येतले दहा टक्के लोक साठीच्या पुढचे. त्यात पंचेचाळिशीतले मधुमेही, रक्तदाबवाले, एचआयव्हीवर औषध घेणारे धरा. एवढ्या लोकांना कोणत्या घरात, कोणाच्या हातचं खायला घालून, किती महिने ठेवायचं? मी वस्तीपातळीवर याचा आराखडा करायला बसले होते. तीन दिवसांनी सोडून दिला, कारण मोकळ्या खोल्याच नव्हत्या.

स्वीडनचं उदाहरण याच संदर्भात देतात. तिथे सक्ती कमी होती, पण सगळं मोकळं नव्हतं. पन्नासांपेक्षा जास्त जमावाला बंदी होती, मोठ्या मुलांचं शिक्षण ऑनलाइन होतं, आजारी पडल्यावर पगार मिळत होता, आणि एकटं राहणाऱ्यांची घरं खूप. एवढं असूनही वृद्धाश्रमांमध्ये विषाणू शिरला, आणि वृद्धांना जपण्यात आपण अपयशी ठरलो असं त्यांच्याच कोरोना आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये लिहिलं. २०२० अखेर लोकसंख्येच्या प्रमाणात तिथले कोविड मृत्यू शेजारच्या नॉर्वेच्या सुमारे दहापट होते. पण पुढची दोन वर्षं धरून एकूण जादा मृत्यू, म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेले सगळ्या कारणांचे मृत्यू, मोजले, तर स्वीडन युरोपात सर्वांत कमी नुकसान झालेल्या देशांत येतो. शाळकरी लहान मुलांचे वर्ग तिथे चालू राहिले. ही दोन्ही वाक्यं एकत्र सांगावी लागतात. एकच सांगणारा माणूस भेटला तर त्याला दुसरं विचारा.

आणि आता तुमच्या गणितातली मुख्य चूक. शेवटी सगळ्यांना झालाच, हे खरं. पण केव्हा झाला, यावर जगणं-मरणं ठरलं. ग्रेट बॅरिंग्टनचा जाहीरनामा निघाल्यानंतर पाचच आठवड्यांनी, ९ नोव्हेंबरला, पहिल्या लशीच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, नव्वद टक्क्यांहून अधिक परिणामकारक. १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं, मुख्यतः पुण्यातच बनलेल्या लशीने. सत्तरीतल्या ज्या माणसाला ऑक्टोबर २०२० मध्ये संसर्ग झाला त्याला शंभरातले चार-पाच मृत्यू लागू होते. तोच माणूस जानेवारी २०२२ पर्यंत टिकला, दोन डोस घेतले, आणि मग त्याला संसर्ग झाला, तर बहुतेक वेळा चार दिवस घसा दुखला. दोघांनाही ‘झालाच’. एक आज नाही.

दुसऱ्या लाटेचं दुःख यामुळेच जास्त आहे. एप्रिल २०२१ मध्ये लस आलेली होती, पण दोन्ही डोस झालेले शेकड्यात जेमतेम एक. १८ एप्रिलला एकट्या महाराष्ट्रात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले. देशाच्या सर्वेक्षणांत प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण जानेवारीच्या सुमारास एकवीस टक्क्यांच्या आसपास होतं, जून-जुलैमध्ये ६७.६ टक्के. त्यात लशीचा वाटा थोडा होता, बाकीची नैसर्गिक प्रतिकारशक्ती आपण त्या दोन-तीन महिन्यांत मिळवली. तुम्ही सुचवलेला प्रयोग, म्हणजे संसर्ग वेगाने पसरू देऊन लवकर मोकळं होणं, तो आपल्यावर तेव्हा न मागता झाला. स्मशानभूमीत टोकन घेऊन उभं राहावं लागलं, ते त्या प्रयोगात. माझ्या विभागातले एक परिचर, वय चोपन्न, त्याच महिन्यात गेले. त्यांचा पहिला डोस होऊन नऊ दिवस झाले होते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची गोष्ट आमच्याकडे शिकवली जाते. मुंबईत जूनमध्ये पहिली लाट आली, ती तशी सौम्य होती, लोक कामाला लागले. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या लाटेने देशभरात मिळून एक कोटीहून जास्त माणसं नेली. तेव्हा वाट पाहावी अशी लस नव्हती. २०२० मध्ये ती येण्याची दाट शक्यता होती, आणि माझ्या दृष्टीने सगळा निर्णय यावर फिरतो. लस किंवा औषध वर्षभरात येण्यासारखं असेल, तर संसर्ग पुढे ढकलणं म्हणजे मृत्यू टाळणं. तसं काही दृष्टिपथात नसेल, तर कडक बंदीने मृत्यूची फक्त तारीख बदलते, आणि तेव्हा खाटा कमी पडू नयेत एवढाच वेग राखून जगू देणं बरं. लस मिळाल्यावर बंदी लांबवणं म्हणजे, जानेवारी २०२२ च्या शाळांसारखं, नुसतं नुकसान.

पण दोन्ही बाजूंना भार कोणावर टाकला जातोय हे मोजायचं. संसर्ग ढकलल्याचा फायदा माझ्यासारख्या पगारदार माणसाला झाला, मला दर महिन्याला पैसे मिळत होते. किंमत तुमच्या वडिलांनी भरली. त्यांच्या दुकानाचं भाडं, विजेचं बिल आणि मशीनचा हप्ता त्या तीन महिन्यांसाठी सरकारने थेट भरायला हवा होता. हप्ता पुढे ढकलण्याची सवलत होती, पण व्याज चढतच होतं. ती मदत नव्हे. दुकान बंद ठेवून त्यांनी जे केलं ते सार्वजनिक आरोग्याचं काम होतं, लस टोचणाऱ्या परिचारिकेइतकंच, आणि त्या कामाची मजुरी त्यांना मिळाली नाही. तुमचा राग योग्य जागी आहे तो इथे.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की वडिलांना २०२१ मध्ये संसर्ग होऊन गेला, दोन डोसही झाले, मधुमेह आहे, आता काही करायला हवं का. संसर्ग आणि लस दोन्ही मिळालेल्या माणसाचं गंभीर आजारापासून संरक्षण चांगलं असतं, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर सातच्या आसपास आणा, त्याने या आणि पुढच्या कोणत्याही साथीत जास्त फरक पडेल. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर इन्फ्लुएंझाची लस घ्यावी आणि न्यूमोकोकसच्या (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूच्या) लशीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारावं. घरात आजी आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. कोणालाही ताप-खोकला असेल त्या दिवसांत तेवढं त्यांच्या खोलीत झोपू नका.